हाताला चाळा हवा, पण कोणता? फिजेट खेळण्यांची घरच्या घरी पारख

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत हा प्रश्न आता दरवर्षी येतो. "मॅडम, याला फिजेट घेऊन देऊ का? लक्ष लागतं म्हणतात." त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "आम्ही दिलं होतं. आता अभ्यास बाजूला आणि तेच फिरवत बसते." फिजेट म्हणजे हाताला चाळा म्हणून दाबत, फिरवत राहायची छोटी वस्तू. मी नाशिकला पंचवटीत चौथीच्या वर्गाला शिकवते. घरी माझाही नऊ वर्षांचा मुलगा आहे, दोन मिनिटं स्वस्थ न बसणारा. वर्गात आणि घरात इतकी वर्षं पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे, की हे दोन्ही पालक खरंच सांगत असतात. मूल कोणतं, वस्तू कोणती आणि ती कोणत्या वेळी हातात दिली, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्या मुलापुरतं याचं उत्तर आपल्याला घरी काढता येतं. साधारण तीन आठवडे, एक वही आणि थोडा धीर लागतो.

वातीची कसोटी

माझ्या सासूबाई चातुर्मासात गोदाघाटाजवळच्या देवळात पोथी ऐकायला जातात. मांडीवर कापूस घेतात आणि तासाभरात वातींचा ढीग करतात. घरी आल्यावर विचारलं तर आजचा अध्याय सविस्तर सांगतात. मी एकदा शेजारी बसून नीट पाहिलं. कापसाकडे त्यांची नजर जातच नव्हती. बोटं आपली आपण चालली होती, डोळे आणि कान पोथीवाल्या गुरुजींकडे होते. "हात मोकळे राहिले की पेंग येते गं," त्या म्हणाल्या.

मुलाच्या हातातल्या कुठल्याही वस्तूला मी हीच कसोटी लावते. हात गुंतला तरी डोळे आणि कान मोकळे राहतात का? राहत असतील तर तो चाळा कामाचा. स्पिनर, म्हणजे बोटांत धरून भिंगरीसारखा फिरवायचा फिजेट, इथेच नापास होतो. तो चकाकतो, फिरताना सुंदर दिसतो, तो बघण्यासाठीच बनवलेला आहे. किती वेळ फिरला हे मोजण्याची शर्यत लागते, आणि शेजारच्या तिघांचे डोळेही त्याच्यावरच.

संशोधन काय सांगतं

२०१७ मध्ये स्पिनरचं वेड जगभर पसरलं तेव्हा आपल्या मेनरोडवर आणि शालिमारच्या गाड्यांवरही त्यांचे ढीग लागले होते. पाकिटांवर एकाग्रता वाढते, चंचलता कमी होते असं छापलेलं असायचं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी उपलब्ध संशोधन धुंडाळलं, तेव्हा या दाव्यांना आधार देणारा अभ्यास त्यांना मिळाला नाही. पुढच्या वर्षी एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अति चंचलता यांची वैद्यकीय समस्या) असलेल्या, सरासरी पाच वर्षांच्या ६० मुलांवर प्रत्यक्ष वर्गात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पिनर हातात आल्यावर सुरुवातीला मुलांची पळापळ जरा कमी झाली, नंतर तो फायदाही टिकला नाही, आणि शिकण्यातलं लक्ष मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत घटलेलंच राहिलं. व्हिडिओवर व्याख्यान बघताना स्पिनर फिरवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही कमी आठवलं, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं.

म्हणजे चुळबुळ वाईटच, असा अर्थ मात्र काढू नका. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांना आठवणीची कोडी घातली आणि ती सोडवताना मुलं किती हलतात ते टिपलं. ४७ आणि ३८ मनातल्या मनात मिळवताना हातचा एक आपण जिथे धरून ठेवतो, त्या स्मृतीची ही परीक्षा होती. एडीएचडी असलेली मुलं जेव्हा जास्त हलली, पाय हलवले, खुर्ची फिरवली, तेव्हा त्यांना जास्त आठवलं. बाकीच्या मुलांमध्ये मात्र उलट झालं: जास्त हालचाल, कमी गुण. याचा अर्थ असा लावतात, की काही मुलांचा मेंदू जागा राहण्यासाठी अंगाची हालचाल वापरतो, जशा माझ्या सासूबाई वाती वापरतात. अशा मुलाला "हलू नकोस" म्हटलं, की त्याची सगळी ताकद न हलण्यातच जाते. गणित राहतं बाजूला.

लक्षात घ्या, त्या प्रयोगात मुलांच्या हातात खेळणं नव्हतं. हालचाल त्यांची स्वतःची होती. खेळणं दिलं की हालचालीबरोबर एक नवी, आकर्षक गोष्टही येते, आणि घोळ तिथे होतो. म्हणून दिसायला साध्या वस्तू वरचढ ठरतात. अमेरिकेतल्याच सहावीच्या वर्गात २००६ मध्ये दाबायचे मऊ चेंडू देऊन पाहिले, तेव्हा मुलांचं भरकटणं कमी झालं होतं. मोठ्या माणसांच्या २००९ च्या एका प्रयोगात, फोनवरचा कंटाळवाणा निरोप ऐकताना छापील आकृत्या रंगवत बसलेल्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. वहीच्या समासात फुलं काढणाऱ्या मुलीला मी तेव्हापासून ओरडत नाही. आधी तिला प्रश्न विचारून बघते.

पायरी १: चार दिवस नुसतं बघा

बाजारात जायच्या आधी हे करा. वहीत तीन गोष्टी लिहा: चुळबुळ कधी झाली, त्या वेळी मूल काय करत होतं, आणि त्याआधी काय झालं होतं. गुजराती दुकानदाराच्या खतावणीसारखं नीटनेटकं नको, दोन शब्द पुरेत. चार दिवसांत बहुतेक वेळा काहीतरी दिसू लागतं.

माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचं उतरवताना सारखा उठायचा, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. घरच्यांनी त्याला दोन-तीन फिजेट आणून दिले होते. चूक माझीही होती, मी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं. त्याला फळा दिसतच नव्हता. चष्मा लागला, पुढे बसवला आणि उठबस थांबली. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. झोप मोजा. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणारं मूल दहा वाजता चुळबुळणारच. डबा न खाता आलेलं मूल, पोटात जंत झालेलं मूल, भागाकारच न समजलेलं मूल, ही सगळी बाहेरून "चंचल" दिसतात. अंग दमेपर्यंत खेळायला मिळतं का तेही बघा. ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोदापार्कवर संध्याकाळी तासभर पळून आलेल्या मुलाला त्या रात्री फिजेट कदाचित लागणारही नाही.

यातलं काही सापडलं तर ते आधी सोडवा. काही नाही सापडलं, तर पुढे चला.

पायरी २: हात रिकामा असतो तेव्हाच

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. लिहिताना मुलाचे हात आधीच कामात असतात. एका हातात पेन्सिल, दुसऱ्याने वही धरलेली. त्यात फिजेट दिलं की पेन्सिल खाली ठेवली जाते, हे उघड आहे. हाताचा चाळा ऐकण्यासाठी, मोठ्याने चाललेलं वाचन समजून घेण्यासाठी, पाढे म्हणण्यासाठी, डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघण्यासाठी. लिहिताना चुळबुळ होत असेल तर चाळा पायाला द्या.

त्यासाठी मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मागा, बहुतेक तो पैसेही घेत नाही. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका, ट्यूब साबणाने धुवा आणि खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जमिनीपासून वीतभर उंचीवर घट्ट बांधा. मूल पायाने ती पुढे ढकलतं, मागे खेचतं. आवाज होत नाही, कोणाला दिसत नाही, आणि हात लिहायला मोकळे राहतात. खुर्ची हलकी प्लास्टिकची नको, ती पुढे कलंडते. उठताना पाय अडकू नये म्हणून "आधी पाय काढ, मग ऊठ" हे दोन-तीन दिवस करून घ्या.

पायरी ३: वस्तू निवडा

वातीची कसोटी आणि आणखी दोन प्रश्न. आवाज येतो का? खाली पडली तर घरंगळत जाते का? वर्गात घरंगळणारी वस्तू म्हणजे पाच मुलांचं बाकाखाली शिरणं.

पॉप-इट, म्हणजे बुडबुडे दाबत राहायची रबरी पाटी, २०२१ मध्ये घरोघरी आली. आजारपणात, प्रवासात ती छान आहे, पण तिला टकटक आवाज आहे आणि बुडबुडे मोजायचा मोह होतो. मी एकदा वर्गात टोपलीभर पॉप-इट ठेवले होते, ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून. तिसऱ्या दिवसापर्यंत रंगांवरून भांडणं सुरू झाली आणि आठवडा संपायच्या आत मी टोपली कपाटात टाकली. ज्यांना गरज होती त्या दोन मुलांच्या वाट्याला तर काही आलंच नाही. बटणं असलेल्या क्यूबची जी बाजू "टिक" वाजते ती त्रास देते, बाकीच्या बाजू ठीक. बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली वेलक्रोची खरखरीत पट्टी चांगली चालते, बोटाने घासत राहायची. गाठी मारलेली जाड सुती दोरी, कडेला शिवलेले मोठे लाकडी मणी, आजीच्या जुन्या साडीचा काठ, हे सगळं चालतं. जी मुलं शर्टाची कॉलर किंवा पेन्सिल चावतात त्यांना हाताचा चाळा देऊन भागत नाही. त्यांना तोंडाला काम हवं असतं. डब्यात गाजर, काकडी द्या आणि थेरपिस्टला विचारा.

मला सगळ्यात आवडते ती घरी शिवलेली मोहरीची पिशवी. जाड सुती कापडाचे मुलाच्या तळहाताएवढे दोन तुकडे घ्या. तीन बाजू दुहेरी शिवणीने शिवा, उलटा, त्यात पाऊण भाग मोहरी भरा आणि चौथी बाजूही दुहेरी शिवा. मोहरीच का? तांदूळ आणि ज्वारी दाबताना खसखस वाजतात, मोहरी जवळजवळ वाजत नाही आणि बोटांत छान सरकते. भरण्याआधी दोन दिवस उन्हात ठेवा. इंटरनेटवर फुग्यात पीठ भरायची कृती सापडेल, ती लहान मुलांसाठी करू नका. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशात बसला तर श्वास कोंडतो, आणि ८ वर्षांखालच्या मुलांना हा धोका जास्त असतो.

सुरक्षिततेचं थोडं रागावून

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. तरी सुट्या, बिनपाकिटाच्या वस्तू गाड्यांवर मिळतात. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. तीन प्रकार घरात आणूच नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

पहिला, दिव्याचे स्पिनर आणि बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणारं, स्क्रू नसलेल्या झाकणाचं काहीही. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागतं. दुसरा, सुटे छोटे शक्तिशाली लोहचुंबक. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तिसरा, पाण्याने फुगणारे रंगीत मणी भरलेले पारदर्शक चेंडू. चेंडू फुटतो, मणी धाकटं भावंड गिळतं आणि तो पोटात आणखी फुगतो. यातलं काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, घरी वाट बघू नका. थेट रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

घरात ३ वर्षांखालचं बाळ असेल, तर थोरल्याचा फिजेट दप्तरातच राहील असा नियम करा.

पायरी ४: मुलाशी बोला, मग नवलाई ओसरू द्या

मुलाला अंधारात ठेवून हे जमत नाही. मी माझ्या मुलाला म्हटलं, "तुझी बोटं काहीतरी मागतात ना? त्यांना हे देऊ. पण डोळे माझ्याकडे." त्याला आजीच्या वाती दाखवल्या. आजीनेच त्याला शिकवलं, कापूस न बघता कसा वळायचा. पहिल्या दहा वाती वाकड्या झाल्या आणि त्याला फार मजा आली. आमचे नियम तीनच होते. वस्तू मांडीवर किंवा बाकाखाली. डोळे बोलणाऱ्याकडे. फेकली किंवा दुसऱ्याला दिली, तर ती त्या दिवसापुरती आत. आत ठेवताना चिडायचं नाही, शिक्षा म्हणून सांगायचं नाही. "आज ही मदत करत नाहीये, उद्या पुन्हा बघू," एवढंच.

नंतर चार दिवस वस्तू मोकळेपणी हाताळू द्या. या दिवसांत काहीच मोजू नका. नवीन वस्तूकडे लक्ष जाणारच.

पायरी ५: चिठ्ठ्या टाका

आता खरी परीक्षा. दहा चिठ्ठ्या करा. पाचांवर "सोबत", पाचांवर "शिवाय". वाटीत टाका. रोज संध्याकाळी मूल एक चिठ्ठी काढेल. हे मुलांना फार आवडतं, आणि आपलाही एक फायदा होतो: आपल्या मनाप्रमाणे सोपा दिवस निवडून "बघा, उपयोग झाला" असं म्हणता येत नाही.

मग त्याच वेळी, त्याच जागी दोन कामं. दहा मिनिटं तुम्ही गोष्ट किंवा परिसर अभ्यासाचा धडा मोठ्याने वाचा आणि शेवटी पाच प्रश्न विचारा. या वेळी हाताचा चाळा. नंतर पंधरा मिनिटं सारख्या अवघडपणाची गणितं. या वेळी पायाचा चाळा. "शिवाय"च्या दिवशी दोन्ही नाही. वहीत लिहा: पाचपैकी किती उत्तरं आली, गणितं किती झाली, त्यातली बरोबर किती, आणि "अरे, इकडे लक्ष दे" असं किती वेळा म्हणावं लागलं. टीव्ही बंद, तुमचा फोनही दुसऱ्या खोलीत.

शेवटी दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. फक्त "शांत बसला" यावर निकाल देऊ नका. स्पिनर घेऊन माझा मुलगा अगदी शांत बसायचा, आणि त्या दिवशी गणितं निम्म्यावर यायची. पिशवीच्या दिवशी तो खुर्चीत वेडावाकडा बसला होता, पण पाचातली चार-पाच उत्तरं द्यायचा. ट्यूबने गणितं फार वाढली नाहीत, मात्र मला हाक मारावी लागणं कमी झालं. माझ्या दृष्टीने तेही पुष्कळ होतं. संध्याकाळची भांडणं थांबली.

दोन्ही रकाने सारखेच आले तर फिजेट लागत नाही, पैसे वाचले. "सोबत"चा रकाना वाईट आला तर ती वस्तू बदलून एकदा पुन्हा करा, तरी तसंच आलं तर सोडून द्या. शेजारच्या मुलाला उपयोग झाला म्हणून आपल्यालाही होईलच असं नाही. २०१५ च्या त्या अभ्यासातली "बाकीची मुलं" आठवा.

पायरी ६: शाळेत नेण्याआधी

दप्तरात गुपचूप टाकू नका. पहिल्याच तासाला ती वस्तू शिक्षकांच्या टेबलाच्या खणात जाते आणि मूल रडतं. वही घेऊन शिक्षकांना भेटा. मी स्वतः शिक्षिका म्हणून सांगते, "त्याला एडीएचडी असेल, वर्गात खेळणं चालू द्या" यापेक्षा असं बोललेलं कानाला आणि मनाला बरं लागतं: "मॅडम, घरी दहा दिवस करून बघितलं. ऐकताना ही पिशवी हातात असली की याला जास्त समजतं. आवाज येत नाही. तुम्ही आठवडाभर बघाल का? त्रास झाला तर लगेच बंद करू." साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंना हे शेवटचं वाक्य फार मोलाचं वाटतं.

माझ्या शिक्षक मैत्रिणींनाही एक सांगणं आहे. ज्याला हलायचंच आहे त्याला हलायचं काम द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, शेजारच्या वर्गात निरोप नेणं. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्या वर्गाला उभं करून पाढा म्हणवून घ्या. खिशातून काही न काढता निम्मी चुळबुळ जिरते.

डॉक्टरांकडे कधी

फिजेट हा उपचार नाही. चंचलता किंवा लक्ष न लागणं सहा महिने किंवा जास्त चाललं असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल, वय १२ होण्याआधीपासून असेल आणि त्यापायी अभ्यास किंवा मैत्री बिघडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ६ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण हा पहिला उपाय मानतात, मोठ्या मुलांना गरजेप्रमाणे औषधही देतात. खासगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल विचारा. शाळेत तपासणी पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

नखं रक्त येईपर्यंत खाणारी, केस उपटणारी, खपल्या काढणारी मुलं वेगळी. त्यांना हातात काहीतरी दिल्याने खरंच मदत होते, कारण ज्या हाताने केस उपटायचा तो हात दुसऱ्या कामात गुंततो. पण हे समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली करा, आणि मुलाला त्यावरून कधीही लाजवू नका.

पुढची देखभाल

तीन-चार महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये, सहा चिठ्ठ्यांची छोटी परीक्षा घ्या. मुलं बदलतात. ट्यूब दर महिन्याला ओढून बघा, भेग दिसली तर टाकून द्या. मोहरीची पिशवी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उन्हात ठेवा आणि श्रावण संपला की उसवून मोहरी बदला, कापड धुवून तेच वापरा. आमची पिशवी आता तिसऱ्यांदा भरली आहे. या वेळी टाके माझ्या मुलाने घातले, शेजारी आजी वाती वळत बसली होती, आणि दोघंही रेडिओवरची बातमी ऐकत होते.